राहिलेली ओटी

त्या उन्हाळ्यात, विसाव्या वर्षी, मी जेवढी दमले होते तेवढी पुढे दोन बाळंतपणांतही दमले नाही. आता साठी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, जिना चढताना मध्येच थांबून उगाच कुणाच्या दारावरची पाटी वाचावी लागते. पण हा थकवा बरा, त्याला बसायला जागा असते. तेव्हाच्या थकव्याला बसायला जागा नव्हती. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पाणी यायचं पहाटे चारला, तेही तळमजल्याच्या नळाला. अकरा कळशा वर नेऊन झाल्या की कूकर, डबा, केर, धुणं. बाबा एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात पाळीवर जात. त्यांचं बनियन भिजवलं की बादली कधी जांभळी व्हायची, कधी शेंदरी, आणि त्यावरून त्या आठवड्यात कारखान्यात काय शिजतंय ते आम्हाला कळायचं. संध्याकाळी वारा फिरला की सगळी गल्ली पटापट खिडक्या लावून घ्यायची. एरवी हे सगळं आईच्या अंगावर होतं आणि मी वरवर मदत करून कॉलेजला पळायचे. त्या वर्षी माझी परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात आईला कावीळ झाली.

आई बाहेरच्या खोलीत कॉटवर पडलेली असायची, डोळे हळदीसारखे. दर दोन तासांनी उसाचा रस, दुपारी मऊ भात आणि ताक, तेलाचा थेंब नाही. शेजारच्या काकूंनी कुठल्याशा वैद्याकडून काड्यांची माळ आणून तिच्या गळ्यात घातली होती. कावीळ उतरत जाते तशी ती माळ लांबत जाते म्हणतात. आई रोज सकाळी मला ती बोटांनी मोजायला लावायची आणि मी रोज कालच्यापेक्षा एक बोट जास्त सांगायचे. खोटं बोलण्याचा माझा सराव तिथूनच सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

आणि घरात सविता होती. सविता मॉरिशसची. ठाण्याच्या एका कॉलेजात माझी आत्या मराठी शिकवायची, तिच्या वर्गात ही शिष्यवृत्तीवर मराठी शिकायला आलेली. वसतिगृहाचं जेवण तिला सोसेना, म्हणून आत्याने तिला आमच्याकडे आणून सोडलं ते दीड वर्षासाठी. आत्या अशी कामं दुसऱ्यावर फार प्रेमाने सोपवायची. सविता माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, उंच, सावळी, केसांना नारळाचं तेल चोपडणारी. तिचं मराठी अर्धं पुस्तकातलं आणि अर्धं आजीकडून आलेलं. 'मी भोजन केले' म्हणायची आणि त्याच दमात 'डोसके दुखते' म्हणायची. सुरुवातीला आई तोंडाला पदर लावून हसायची, मग तिला त्याची सवय झाली. रविवारी सविता आमच्या स्टोव्हवर दालपुरी करायची. हरभऱ्याची डाळ शिजवून, कोरडी वाटून, जिरं घालून पुरीत भरायची आणि टोमॅटोच्या तिखट चटणीबरोबर वाढायची. पुरण घातलं आणि गूळ विसरली, असं आई म्हणायची, आणि चार चार खायची. बाबांना सविता काका म्हणे, आईला मावशी. आम्हा दोघींची गादी एकच.

तिच्या घराण्याची एक गोष्ट होती. ती तिने आल्या आठवड्यातच आम्हाला सांगितली होती. तिच्या आजीची आजी नवऱ्याबरोबर उसाच्या मळ्यात मजुरीला म्हणून इकडून गेलेली. कल्याणच्या बंदरात मचव्यात बसायचं, मुंबईला मोठ्या जहाजात. मचवा सुटायच्या वेळी तिच्या मांडीवरच्या मुलीला ताप भरला होता. बंदरावर एक देवी होती. मूर्ती नव्हती, नुसता शेंदूर फासलेला दगड, ज्याला आपण तांदळा म्हणतो तो. तोंड पाण्याकडे आणि समोर पाण्यात उतरणाऱ्या सात पायऱ्या. तिथे त्या बाईने नवस केला की पोर जगली तर परत येऊन तुझी ओटी भरीन. पोर जगली. तिच्याच वेलावर पुढे सविता. पण परत कुणीच आलं नाही. त्या बेटावर शंभरावर वर्षं ते घर ओटी राहिली म्हणत जगत होतं. ऊस जळाला, ओटी राहिली. जावई दारू पितो, ओटी राहिली. सविता निघाली तेव्हा आजीने हिरवा खण हाताने काठ शिवून बिस्किटाच्या डब्यात घालून दिला होता आणि बजावलं होतं की देवीची ओटी भरशील, आणि ओटीतले तांदळाचे पाच दाणे परत घेऊन येशील. ओटी भरली की थोडे दाणे परत द्यायचे ही आपल्याकडची रीतच आहे. समुद्रापार ती तशीच राहिलेली पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आईनेच तेव्हा सांगितलं की ओटी सवाष्णीने भरायची, कुमारिकेचं ते काम नाही. मी येईन तुझ्याबरोबर, आपण शोधू. मग परीक्षा, पाहुणे, बाबांच्या पाळ्या, असं करता करता दीड वर्ष गेलं. माणसं नेहमी असंच करतात. ज्याला फार महत्त्व असतं ते शेवटच्या आठवड्यात ढकलतात. सविताचं विमान रविवारचं होतं आणि बुधवारी आई कॉटवरून म्हणाली की नंदा, आता तूच तिला फिरव, तिचे शेवटचे दिवस आहेत, आणि ती देवी तेवढी शोधा. भरायला तिथलीच एखादी सवाष्ण मिळेल. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, माझे पाय कुणाला दिसत नाहीत का.

गुरुवारी आम्ही दुर्गाडी किल्ल्यावर गेलो. सविताने वहीत सगळं लिहून आणलं होतं. कल्याण किती जुनं बंदर, कुठल्या कुठल्या देशांची जहाजं इथे लागायची, महाराजांनी इथे आरमार कसं उभारलं. मी जन्मापासून दोनच स्टेशनांच्या अंतरावर राहून यातलं निम्मं तिच्याकडून ऐकत होते. वर चढून आम्ही खाडी पाहिली. भर उन्हात पाणी पितळेच्या ताटासारखं, पलीकडे रेतीचे ढीग, त्यांच्या पायथ्याशी होड्या. ती आनंदाने फोटो काढत होती आणि मी सावली शोधत होते. किल्ल्यावरच्या देवळात तिने देवीला हात जोडले, पण देवीला डोळे, हात, मुकुट सगळं होतं. ही नव्हे, ती म्हणाली. येताना काळ्या तलावावर भेळ खाल्ली. तिथल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की जुनं बंदर म्हणाल तर रेतीबंदराच्याही पुढे, तिकडे कोळ्यांना विचारा. पण आईच्या रसाची वेळ झाली होती, म्हणून परत फिरलो.

शुक्रवारी आत्याने फर्मान काढलं की बंदर ठाण्याचंही असू शकतं, सविताच्या आजीच्या आजीला काय नकाशा येत होता? म्हणून ठाणे. मासुंदा तलावाचा काठ, मग कळव्याच्या पुलापाशी उतरून खाडीकाठचा चिखल, तीन देवळं आणि एक दर्गा, जिथल्या माणसाने आम्हाला माठातलं गार पाणी दिलं. चिखलात चालल्याने सविताच्या चपलेचा अंगठा तुटला. ती अनवाणी चालू लागली तेव्हा मला तिची दया येण्याऐवजी राग आला, हे मला स्वच्छ आठवतं. दमलेल्या माणसाला दुसऱ्याची श्रद्धा ओझ्यासारखी वाटते. संध्याकाळी घरी आलो तर आईला उलट्या झाल्या होत्या आणि बाबा रंगीत हातांनी फरशी पुसत होते.

शनिवारी मी साडेतीनला उठले. पाणी भरलं, आईला आंघोळ घातली, डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं आणि दोन वाजता गोळी चुकवू नका म्हणाले. बाबांची दुपारची पाळी होती. शेजारच्या काकू दोनपर्यंतच बसणार होत्या. सविता सकाळपासून नवी साडी नेसून तयार, हातात बिस्किटाचा डबा, पिशवीत नारळ आणि तांदूळ. निघूया का, असं तिने एकदाही विचारलं नाही. दाराशी नुसती उभी होती. आम्ही निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

कल्याणच्या रेतीबंदरापर्यंत रिक्षा गेली, पुढे चालत. दगडी भरावावर सुक्या मासळीच्या काठ्या, जाळी आणि एका कौलारू घरापुढे कोळंबी वाळत घालणारी एक बाई. हिराबाय तिचं नाव. पन्नाशीची, हातभर हिरव्या बांगड्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली. तिच्या घराच्या कडेने दगडी पायऱ्या खाडीत उतरत होत्या, होडी बांधायला केलेल्या. वर एका कोनाड्यात शेंदूर लावलेला त्यांच्या घरचा तांदळा होता. सविताचे पाय चिखलाने भरले होते. हिराबायने तिला मागच्या अंगणातलं पिंप दाखवलं आणि ती पाय धुवायला गेली. तेवढ्यात मी हिराबायला विचारलं, सात पायऱ्यांची, पाण्याकडे तोंड असलेली बंदरावरची जुनी देवी कुठे आहे?

"ती पल्याड हाय गो," ती म्हणाली. "इटांच्या भट्ट्यांच्या फुडं, चिंचेखाली. अर्धा तास चालाचं. आता सुकती लागलीय, काठाकाठानं जाशील. पाणी भरायच्या आत फिर म्हंजे झालं."

मी त्या दिशेला पाहिलं. काठाने नुसता काळा चिखल, वर ऊन, लांब भट्ट्यांचा धूर, आणि धुराच्या पलीकडे काहीतरी हिरवं, तीच चिंच असावी. अर्धा तास जायला, अर्धा यायला. घड्याळात साडेबारा. दोनची गोळी. हे सगळं खरं होतं, पण एवढंच कारण होतं असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. काकू तासभर जास्त बसल्या असत्या, त्यांनीच जाताना तसं म्हटलं होतं. मला चालायचं नव्हतं. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते आणि मला कुठेतरी भिंतीला टेकून डोळे मिटायचे होते. सविता ओल्या पायांनी परत आली, कोनाड्यातला तांदळा पाहून थबकली, मग माझ्याकडे पाहिलं.

"हीच," मी म्हटलं.

हिराबायचा कोळंबी पसरणारा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कोळंबी पसरू लागली. सविता पायऱ्या मोजायला लागली होती. पाच भरल्या. तिने पुन्हा मोजल्या. दोन गाळात गेल्या असतील, एवढ्या वर्षांत गाळ साठतो, असं मी सांगितलं, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तिने हिराबायला वाकून नमस्कार केला आणि आपल्या पुस्तकी मराठीत सगळी कहाणी सांगितली, ताप, मचवा, नवस, आजी. हिराबायने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि कोनाड्यासमोर बसली. हिरवा खण, नारळ, हळदकुंकू, तांदूळ, सगळं रीतीने केलं. शेवटी ओटीतले पाच दाणे मोजून सविताच्या पदरात टाकले आणि आपल्या हाताने त्याला गाठ मारली. सविता पायऱ्यांवर बसून रडली. मग रिळात उरलेला शेवटचा फोटो तिने काढला. कोनाडा, हिराबाय आणि कडेला मी.

निघताना सविता पुढे गेली. हिराबायने माझा दंड धरला. आवाज चढवला नाही, माझ्यासारख्या पोरी तिने पुष्कळ पाहिल्या असाव्यात.

"बाय, माझी देवी ओटी घेल. कुनाचीबी घेल. पन दुसरीचा नवस ती कशी फेडनार? तो आता तुझे अंगावर आला."

मी मान डोलावली. त्या क्षणी मला त्याचंही काही वाटलं नाही, एवढी मी दमले होते. दोनला पाच कमी असताना घरी पोचलो, आईला गोळी दिली, आणि देवी सापडली म्हणून सविताने सांगितल्यावर आईने कॉटवरूनच हात जोडले. रविवारी आईने पडल्या पडल्या सविताच्या तळहातावर दही ठेवलं. विमानतळावर ती मला घट्ट मिठी मारून म्हणाली, की जे चार पिढ्यांना जमलं नाही ते तू केलंस.

आई बरी झाली. पुढे खूप जगली. हे मुद्दाम लिहिते, कारण खोटेपणाची शिक्षा म्हणून घरात काहीतरी वाईट घडलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. वाईट काहीच घडलं नाही. दोन महिन्यांनी सविताचं पत्र आलं. आजीने ते पाच दाणे मोठ्या पातेल्यातल्या भातात टाकले, सगळ्या भावकीला बोलावून तो भात वाढला आणि आता ओटी राहिली असं या घरात कुणी म्हणायचं नाही, असं सांगितलं. पावसाळ्यात आजी गेली. शेवटपर्यंत तिच्या उशाशी तो फोटो होता. त्याची एक प्रत सविताने मलाही पाठवली. त्यात हिराबाय ताठ बसली आहे, कोनाडा नीट आला आहे आणि माझे डोळे मिटलेले आहेत. भाताच्या त्या पत्राला मी उत्तर लिहिलं होतं की वाचून फार बरं वाटलं.

मग मी ठरवलं की लग्न झालं की आपण जायचं. आता आपणच सवाष्ण, कुणाला विचारायला नको. लग्न होऊन वर्तकनगरला आले. खण घेऊन ठेवला, हिरवा, त्याच काठाचा. मग नोकरी, मग मुलं, सासूबाईंचं आजारपण, मग मुलांच्या शाळा. दर चैत्रात कपाट आवरताना तो खण हाताला लागायचा आणि मी तो पुन्हा घडी करून ठेवायचे. अर्धा तास चालायचा मी आठ-नऊ वर्षं कंटाळा केला. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत एकटी गेले. हिराबायच्या घराच्या जागी रेतीवाल्यांची शेड झाली होती. ती कुठे गेली ते तिथे कुणाला माहीत नव्हतं. मी काठाकाठाने चालत राहिले. भट्ट्या होत्या तिथे राडारोडा टाकलेला होता आणि त्याच्या पुढे काठच नव्हता. रेती उपसून उपसून पाण्याने तो आतून खाल्ला होता. एका जाळीवाल्याने सांगितलं की दोन पावसाळ्यांपूर्वी चिंच कोसळली आणि तिच्याबरोबर देवी, पायऱ्या, सगळं पाण्यात गेलं. तो माझ्याकडच्या पिशवीकडे बघून म्हणाला, पाण्यातच सोडा ताई, तिथंच हाय ती.

मी तिथे बसले आणि आईने शिकवलं होतं तसं सगळं केलं. हळदकुंकू वाहिलं, खण सोडला, नारळ सोडला, तांदूळ सोडले. खण जरा वेळ फुगून तरंगला, मग बाजूला वाहत गेला. ओटी भरल्यावर दाणे परत मिळायला हवेत, म्हणून मी पदर पुढे धरून बराच वेळ बसून राहिले. वेड्यासारखं दिसत असणार. जाळीवाला दोनदा वळून बघून गेला. मग पाणी चढायला लागलं आणि मी उठले.

सविता अजून दर गणपतीला फोन करते. तिचीही साठी माझ्याआधीच उलटली, मुलगी शिक्षिका झाली, घरात दालपुरी आता विकत आणतात म्हणून कुरकुरते. मराठी मात्र तसंच आहे, पुस्तकी आणि आजीचं. या वर्षीही खुशाली विचारून झाल्यावर तिने नेहमीचा प्रश्न विचारला, की आपली देवी कशी आहे? सांगावं असं दरवेळी वाटतं. तोंडापर्यंत येतं आणि मग तो भात आठवतो, पातेलंभर, सगळ्या भावकीने खाल्लेला.

"बरी आहे," मी म्हटलं.

"आणि त्या दोन पायऱ्या? गाळ काढला का कुणी?"

"नाही गं," मी म्हटलं. "अजून पाचच दिसतात."